दुहेरी बोर्डाची भिंत

संस्कृतीची सुरुवात भिंतीपासून होते. माणसाने आधी भिंत बांधली आणि मग तिच्या आड जे सांभाळलं त्याला घर हे नाव दिलं.

ही दोन्ही वाक्यं माझी आहेत. जुफैरमधल्या एका टॉवरचं माहितीपत्रक काढायचं ठरलं, तेव्हा आमच्या कन्सल्टन्सीच्या साहेबांनी "तू पुस्तकं वाचतोस, तूच काहीतरी भारदस्त लिही" म्हणून ती माझ्याकडून लिहून घेतली. मूळ इंग्रजीत होती. माहितीपत्रक छापून आलं तेव्हा या वाक्यांच्या खालीच फ्लॅटचं चित्र होतं, आणि त्यात भिंत नव्हती. ओटा, जेवणाचं टेबल, सोफा आणि टीव्ही एकाच लांबलचक खोलीत एकमेकांकडे बघत बसले होते. चित्रातली बाई हातात वाइनचा ग्लास घेऊन शेगडीपाशी उभी होती. शेगडीवर काहीही शिजत नव्हतं.

मी आर्किटेक्ट नाही, ड्राफ्ट्समन आहे. आर्किटेक्ट हवेत हात फिरवून जे सांगतो ते मिलिमीटरमध्ये बसवून देणं हे माझं काम. बहारीनमध्ये हे काम करता करता माझी एकोणतीस वर्षं गेली. पहिली काही वर्षं ड्रॉइंग बोर्डवर, नंतर कॉम्प्युटरवर. या काळात मालकांची आवड बदलत गेली आणि शेवटी एका सूत्रावर येऊन थांबली: बाहेरून युरोप, आतून अमेरिका.

बाहेरून युरोप म्हणजे दर्शनी भागावर खांब, कमानी, वेलबुट्टी, छताच्या कडेला नक्षीची पट्टी. हे सगळं फायबर घातलेल्या सिमेंटचं, साच्यात ओतलेलं, मागून बोल्टने लटकवलेलं. त्या खांबांवर कसलाही भार नसतो. उलट तेच इमारतीवर भार असतात. बाल्कनी वीत-दीड वीत रुंद. तिच्यावर कबुतर बसतं, पण त्याला वळायचं असेल तर आधी उडावं लागतं. आतून अमेरिका म्हणजे मधोमध हॉटेलासारखा बिनखिडकीचा बोळ, दोन्ही बाजूंना दारं, दारामागे उघडं स्वयंपाकघर आणि पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांवर जिप्समचे बोर्ड ठोकून केलेल्या भिंती. अशी भिंत दोन माणसं एका दिवसात उभी करतात. जुफैरच्या टॉवरचा मालक स्वतः जनाबियाला व्हिलात राहायचा. एकदा नकाशे घेऊन मी तिथे गेलो होतो. त्याच्या घराच्या भिंती भरीव होत्या, आणि स्वयंपाकघर घराच्या आत तर नव्हतंच, मागच्या अंगणात वेगळं बांधलेलं होतं. घरात तळणीचा वास नको म्हणून.

हे मी घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग शहाणाच आहे की तो."

आम्ही तेव्हा गुदैबियात राहत होतो. चार मजल्यांची जुनी इमारत, खाली किराणा आणि मलबारी हॉटेल, जिन्यात कायम कुणाच्या तरी फोडणीचा वास. समुद्राच्या हवेने भिंतींना मीठ फुटायचं आणि रंगाचे पापुद्रे निघायचे. भिंती पोकळ ब्लॉकच्या, आणि ज्याने बांधल्या त्याला ओळंबा ठाऊक नसावा. एकोणीस वर्षं मी त्या घराला नावं ठेवली. बायकोने ठेवली नाहीत. याचं कारण होतं स्वयंपाकघराची भिंत, आणि भिंतीपलीकडच्या भाभी.

भाभी दापोलीकडच्या कोकणी मुसलमान. त्यांच्या नवऱ्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. आम्ही चिपळूणजवळचे. दोघींची स्वयंपाकघरं पाठीला पाठ लावून होती, आणि दोघींनी पहिल्याच वर्षी लाटण्याची भाषा ठरवून टाकली होती. लाटण्याने भिंतीवर दोनदा ठोकलं की चहा टाकलाय. तीनदा ठोकलं की हातातलं काम टाकून ये. पलीकडून उत्तर म्हणून एकच ठोका आला की समजायचं, आले. फोन दोघींकडे होते. पण फोन शोधावा लागतो, हात पुसावे लागतात. लाटणं हातातच असतं.

मला हा प्रकार गावंढळ वाटायचा. सुट्टीच्या दिवशी मी वाचत बसलो की भिंतीतून टक टक सुरू.

"टेलिग्राफ ऑफिस उघडलं वाटतं," मी म्हणायचो.

"तुम्हाला कुणी तार करत नाही म्हणून पोटात दुखतंय," बायको म्हणायची आणि पदराला हात पुसत निघून जायची.

आयुष्यात आम्ही दोन मोठे प्रवास केले. पहिला युरोपचा, आठ दिवसांचा. व्हिएन्नात आमची सोय एका जुन्या इमारतीतल्या छोट्या लॉजमध्ये होती. टूर कंपनीने त्याबद्दल आधीच माफी मागितली होती, कारण लिफ्ट नव्हती. मला मात्र तिथे पाऊल ठेवताच देवळात आल्यासारखं झालं. दगडी पायऱ्या मध्यभागी झिजून बशीसारख्या खोल झालेल्या. खिडकीपाशी भिंतीची जाडी दिसत होती, ती मी खिशातल्या टेपने मोजली: बासष्ट सेंटिमीटर. खाली रस्त्यावर ट्राम जात होती, पण खिडकी लावली की काहीही ऐकू येत नव्हतं. मी बायकोला समजावत होतो की खरी इमारत ही अशी असते. इथला खांब खांबाचं काम करतो, कमान कमानीचं, आणि शोभा म्हणून लटकवलेलं काही नसतं. यातलं शेवटचं खोटं होतं. खाली उतरल्यावर पाहिलं तर दर्शनी भागावरच्या अर्ध्या पुतळ्यांना मागून लोखंडी पट्ट्या मारल्या होत्या. तेही एकेकाळच्या कुणा मालकाच्या हौसेखातर लटकवलेलेच होते. फक्त त्यांना दीडशे-दोनशे वर्षं झाल्यामुळे त्यांची थट्टा करायची सोय उरली नव्हती. हे मी बायकोला सांगितलं नाही.

ती खिडकीच्या कोनाड्यात पाय वर घेऊन बसली होती. म्हणाली, "भिंत छान आहे हो. शेजारी कोण राहतं?"

"मला काय ठाऊक?"

"तेच म्हणते मी."

दुसरा प्रवास अमेरिकेचा. मुलगी टेक्सासात असते; तिच्या बाळंतपणाला आम्ही तीन महिने गेलो होतो. ती राहायची ती अपार्टमेंटची वसाहत चार मजल्यांची होती, दर्शनी भागावर वेगवेगळ्या रंगांचे चौकोन चिकटवलेले, जणू दहा ठिकाणांहून उरलेला माल आणून संपवला होता. शेजारच्या प्लॉटवर तशीच दुसरी इमारत उभी राहत होती. सगळा सांगाडा लाकडाचा, वर प्लायवुड, त्यावर प्लास्टिकचं पांढरं कापड. बायकोने बाल्कनीतून दोन दिवस ते बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "हे लग्न कधी आहे?"

"कुणाचं लग्न?"

"मांडव घातलाय ना?"

जावई हसून बेजार झाला. मग त्याने मला लाकडी सांगाड्याचे फायदे सांगितले. भराभर होतं, हलकं असतं. मी बोटाने भिंतीवर टकटक करून म्हटलं, "पोकळ आहे." मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज. वी लिव्ह हिअर." वरच्या मजल्यावरचा माणूस चालला की आमच्या डोक्यावर त्याची पावलं मोजता यायची. तो सकाळी सात वाजता कामावर जायचा आणि सव्वासहाला परतायचा. मला त्याचा वैताग यायचा. बायको मात्र सहा वाजून गेले की छताकडे बघायची. एक दिवस त्याला उशीर झाला तर तिने जावयाला विचारलं, "वरचा अजून कसा आला नाही?" जावई तिथे दोन वर्षं राहत होता. वर कोण राहतं हे त्याला माहीत नव्हतं.

परत आल्यावर जुफैरच्या टॉवरचं काम माझ्या टेबलावर आलं, आणि मी आयुष्यात एकदाच आपल्या अधिकाराबाहेर जाऊन एक गोष्ट केली. दोन फ्लॅटमधली भिंत नकाशात साधी होती: दोन्ही बाजूंना जिप्समचा एकेक बोर्ड, मध्ये हवा. मी इंजिनिअरच्या मागे लागलो. दोन्ही बाजूंना दुहेरी बोर्ड लावू, मध्ये दगडी लोकर भरू, निदान शेजाऱ्याचा आवाज तरी यायला नको. दगडी लोकर म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंची गादी. ती आवाज खाते. इंजिनिअर कंटाळून हो म्हणाला. ते डिटेल मी स्वतः काढलं, प्रत्येक स्क्रूसकट. बाहेर युरोप खोटा, आत अमेरिका खरी. पण त्या भिंतीच्या सव्वीस सेंटिमीटरमध्ये मी माझा व्हिएन्ना बसवला आहे, असं मला वाटत होतं. हे मी कुणाला बोललो नाही, कारण ऐकणाऱ्याने हसणं साहजिक होतं.

पुढे दोन वर्षांनी गुदैबियाची इमारत विकली गेली आणि तीन महिन्यांत जागा सोडायची नोटीस आली. भाभींच्या नवऱ्याने हूऱ्यात एका जुन्या इमारतीत लागून असलेले दोन फ्लॅट शोधले. एक त्यांना, एक आम्हाला. भाभी स्वतः सांगायला आल्या.

"भाऊ, किचनची भिंत एकच हाय. मी आधी तेच बघितलं."

मी जागा बघायला गेलो. स्नानगृहाच्या छताला ओल, गॅलरीत गंजलेली सळई बाहेर आलेली. मी बोटाने भिंत वाजवली. पोकळ.

घरी येऊन मी सांगितलं की हे शक्य नाही. एकोणीस वर्षं मिठाच्या भिंतीत काढली, आता निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत, ती तरी नीट बांधलेल्या घरात काढू. आणि नीट बांधलेलं घर कुठलं, हे मला माहीत होतं. बायकोने वाद घातला नाही. तिने एवढंच विचारलं, "जुफैर हूऱ्यापासून लांब आहे का?"

"टॅक्सीने दहा मिनिटं."

"दहा मिनिटं," ती म्हणाली.

जुफैरचा फ्लॅट नवव्या मजल्यावर होता. किल्ली मिळाली त्या दिवशी मी तिला शेजारच्या फ्लॅटच्या बाजूची भिंत दाखवली, जिला ओटा टेकला होता. हाताने थापटून दाखवली. "ऐक. काही येतंय? पलीकडे माणूस राहतो, पण तो आहे की नाही हे तुला कधी कळणार नाही." माझ्या आवाजात जे होतं ते आता आठवलं की मला लाज वाटते. तिने भिंतीला कान लावला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "खरंच की. छान झालीये." मग ती डबे लावायला लागली.

उघड्या स्वयंपाकघराशी तिचं पटलं नाही. बोंबील तळले की सोफ्याला चार दिवस वास. पाहुणे आले की भांडी घासायची बाकी दिसायची. ती म्हणायची, "इथे राहायचं तर त्या फोटोतल्या बाईसारखं काही न शिजवता उभं राहायला हवं." भाभींशी फोन व्हायचा, आठवड्यातून एकदा भेट. लाटणं मात्र कामापुरतंच उरलं.

आम्ही तिथे पाच महिने राहिलो. सहाव्या महिन्यात, एका मंगळवारी, मी पावणेसहाला ऑफिसातून आलो तेव्हा ती ओट्यापाशी जमिनीवर पडलेली होती. डोळे उघडे होते. उजवी बाजू गेली होती. पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी वाळून कडक झाली होती, आणि लाटणं तिच्या डाव्या हातात होतं. फोन सोफ्यापलीकडे चार्जिंगला लावलेला. त्यावर भाभींचा कॉल पडून होता, पावणेअकराचा.

पुढचं सगळं भराभर झालं, आणि फार उशिरा झालं. डॉक्टर सभ्य होते. मेंदूत गुठळी झाली होती, आणि अशा वेळी पहिले काही तास महत्त्वाचे असतात, असं ते म्हणाले. ते तास कुठे गेले हे त्यांनी विचारलं नाही.

ती नऊ दिवस होती. बोलता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताच्या बोटाने ती पलंगाच्या लोखंडी कठड्यावर काहीतरी करायला लागली. नर्सला वाटलं अस्वस्थ आहे, तिने हात धरून खाली ठेवला. भाभी दारातून आत येत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "सोडा तिचा हात, सिस्टर, सोडा." मग कठड्यावर आपल्या बांगडीने एकदा ठोकून त्या वाकल्या. "आले, वैनी. हे बघ, आले."

तिचा चेहरा एका बाजूनेच हलत होता. तेवढा हलला.

मुलगी आली, सगळं झालं, मुलगी पुन्हा गेली. जाताना म्हणाली, "बाबा, तिकडे चला." मी म्हटलं, बघू. तिला बाळाला सोडून जास्त दिवस राहता येत नव्हतं, आणि मला तिकडच्या भिंती माहीत होत्या.

घरात एकटा झाल्यावर ओट्यापाशी फरशीवर बसलो तेव्हा मला खुणा दिसल्या. ओट्याच्या कडेला, जमिनीपासून हातभर उंचीवर, भिंतीच्या पांढऱ्या रंगात अर्धचंद्रासारखे खड्डे. जिप्समचा बोर्ड म्हणजे कागदाच्या आवरणातला खडू. आपटलं की दबतो. खड्ड्यांत कणीक वाळून बसली होती. तीन खड्डे जवळजवळ, मग थोडी जागा, पुन्हा तीन. शेवटचे उथळ होत गेले होते.

मी ते कुणाला दाखवले नाहीत. पण भाभींना कळलंच. चाळिसाव्या दिवसानंतरही त्या दर शुक्रवारी डबा घेऊन यायच्या. त्यांच्यात चाळीस दिवसांचं असतं, आमच्यात तेरा. त्यांनी दोन्ही धरले होते. एका शुक्रवारी डबा ओट्यावर ठेवता ठेवता त्या थांबल्या.

"भाऊ, मना एक सांगा. मी फोन केला तेव्हा तिने उचलला नाय, मी म्हटलं न्हात असेल. पुन्हा केला नाय मी." त्यांनी डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं. "तिने ठोकलं नव्हतं काय?"

मी खाली बोट दाखवलं. त्या गुडघ्यांवर बसल्या. खड्ड्यांवर बोटं ठेवून मोजत गेल्या.

"तीन तीन," त्या म्हणाल्या.

"ऐकू गेलं नाही, भाभी. जाणारच नव्हतं. ही भिंत मीच तशी बांधली."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर राग होता.

"तुमी बांधली? तुमी कागदावर लकीर काढली. बांधली ती दुसऱ्या कुणीतरी. मोठे आले भिंत बांधणारे."

मला तेव्हा ते सांत्वन वाटलं, आणि मी ते मानलं नाही. मी माझ्या अपराधाला चांगली भक्कम जागा दिली होती. ऑफिसात बसून मी ते जुनं डिटेल कॉम्प्युटरवर उघडून बघायचो. दुहेरी बोर्ड, लोकर, दुहेरी बोर्ड. एकेक रेघ माझी. ज्या भिंतीतून शेजाऱ्याची पावलं ऐकू येतात तिची मी टेक्सासात थट्टा केली होती, आणि ज्या भिंतीतून काहीच येत नाही तिच्या पाया पडलो होतो. व्हिएन्नाच्या त्या कोनाड्यात बसून तिने एकच प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मी भिंतीची जाडी मोजून दिलं होतं. हे सगळं मला फार सुसंगत वाटायचं, एखाद्या चांगल्या नकाशासारखं. म्हणूनच शेजाऱ्याला काही विचारावं असं मला सुचलंसुद्धा नाही. त्याला ऐकू आलं नसणार, हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

चार महिन्यांनी मी फ्लॅट सोडायचं ठरवलं. हूऱ्यातला तो फ्लॅट केव्हाच गेला होता, पण त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी झाली होती. जाण्याआधी भिंत दुरुस्त करून द्यायची अट होती. बिल्डिंगचा मेंटेनन्सवाला आला, साठीचा, राजस्थानचा, माझ्याइतकीच वर्षं इथे काढलेला. त्याने खड्डे पाहिले.

"ये क्या हुआ, साब?"

"लाटणं लागलं," मी म्हटलं. मग हिंदीत म्हटलं, "बेलन."

त्याने खड्ड्यांवरून अंगठा फिरवला. म्हणाला की भरून चालणार नाही, बोर्डाचा तेवढा तुकडाच कापून नवा लावायला हवा. मी त्याला म्हटलं, कापलेला तुकडा मला दे. त्याने हातकरवतीने चौकोन कापला आणि अलगद बाहेर काढला. बोर्ड एकेरी होता.

मी म्हटलं, दुसरा थर असेल त्यामागे, आणि मग लोकर. त्याने भोकात कोपरापर्यंत हात घातला, इकडेतिकडे फिरवला आणि बाहेर काढून झटकला.

"अंदर मफी, साब. खाली है." मग माझा चेहरा बघून समजूत घालावी तसं म्हणाला, "कागज पे सब होता है."

मी फरशीवर बसून भोकात पाहिलं. पत्र्याच्या दोन पट्ट्या, मध्ये अंधार, आणि पलीकडे शेजाऱ्याच्या बोर्डाची करडी पाठ. त्या बोर्डातून एक आवाज येत होता. शेजारी कुणाला तरी विम्याच्या एका कलमाचा अर्थ इंग्रजीत समजावत होता. मला प्रत्येक शब्द कळत होता. कामाच्या दिवशी, या वेळेला, मी या घरात कधी नव्हतोच.

त्याचं बोलणं संपेपर्यंत मी तिथेच बसलो. मग हात धुतले, बोळात गेलो आणि त्याची बेल वाजवली.

दार उघडणारा माणूस चाळिशीचा, नम्र, कानातले इअरफोन काढून हातात घेतलेले. दहा महिन्यांत आमची लिफ्टमध्ये चार-पाचदा मान हलवण्यापुरती भेट झाली होती. त्याने आत बोलावलं, कॉफी घ्याच म्हणाला. माझ्या बायकोचं त्याला लॉबीतल्या वॉचमनकडून नंतर कळलं होतं. त्याने मनापासून दुःख व्यक्त केलं, आणि तेव्हा आपण येऊ शकलो नाही याची माफी मागितली. त्याचं स्वयंपाकघर आमच्यासारखंच होतं, फक्त आरशात बघावं तसं उलटं. ओटा त्याच भिंतीला टेकलेला.

मी दुरुस्तीच्या आवाजाबद्दल माफी मागायला आलो आहे, असं सांगितलं.

"छे, छे," तो म्हणाला. "आवाजाचं काही नाही. या इमारतीत सगळंच ऐकू येतं. तुम्ही नवे आलात त्यानंतर काही महिन्यांनी एकदा सकाळी बराच वेळ ठोकाठोक चालली होती. मी मीटिंगमध्ये होतो, मला माइक बंद करावा लागला. म्हणून लक्षात आहे."

"किती वेळ?"

"अर्धा तास असेल. थांबून थांबून. मला वाटलं, तुमच्या मिसेस भिंतीवर चित्रं लावतायत." तो हसला, मग हसणं बरं दिसेल की नाही अशा विचाराने थांबला. "खरं सांगू? बरं वाटलं मला. इथे लोक येतात आणि वर्षभरात जातात, भिंती कोऱ्याच असतात. म्हटलं, चला, कुणीतरी घर लावतंय."

कॉफी फार गोड होती. मी ती संपवली.

"लागली का चित्रं नीट?" त्याने विचारलं.

"लागली," मी म्हटलं.

दारापर्यंत सोडायला येताना तो प्रामाणिकपणे म्हणाला की त्या दिवशी पंधरा मिनिटं झाल्यावर तो बेल वाजवायला यायला निघालाही होता. पण आधी त्याने इमारतीची नियमावली उघडून पाहिली. सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळेत रहिवाशांना भिंतीवर ठोकायला परवानगी आहे.